आरक्षित विमानप्रवासात न कळवता झालेले बदल : वेळ, विमानतळ आणि आसन

सदाफुली
१ फेब्रुवारी, रात्री ९.४०

माझे आईवडील येत्या ६ एप्रिलला मुंबईहून दिल्लीमार्गे फ्रँकफुर्टला, माझ्या धाकट्या भावाकडे जाणार आहेत. आईचे वय ७० आणि वडिलांचे ७४ आहे. तिकिटे आम्ही ऑक्टोबरमध्येच एका प्रवास-संकेतस्थळावरून काढली होती. मुंबईहून सकाळी ६ वाजता निघून सव्वाआठला दिल्ली आणि तिथून दुपारी १.२० च्या विमानाने फ्रँकफुर्ट, असा तो प्रवास होता. मधला वेळ भरपूर मिळावा, दोघांना धावपळ करावी लागू नये, म्हणूनच ही जोडी निवडली होती. वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे लांबच्या टप्प्यासाठी ४,८०० रुपये वेगळे भरून पुढच्या भागातल्या शेजारशेजारच्या दोन सीट घेतल्या होत्या आणि त्यातली एक आइल सीट होती.

काल वडिलांसाठी व्हीलचेअरची विनंती नोंदवावी म्हणून विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ते आरक्षण उघडले, तेव्हा मुंबई-दिल्ली विमानाची वेळ सकाळी ११.१५ झालेली दिसली. म्हणजे ते दिल्लीला दीड वाजता उतरणार आणि फ्रँकफुर्टचे विमान त्याआधी दहा मिनिटे निघून गेलेले असणार. तरीही दोन्ही टप्प्यांपुढे ‘निश्चित’ असेच लिहिलेले आहे. लांबच्या टप्प्यावरच्या सीटही बदलल्या असून आईला ३१ व्या रांगेत मधली आणि वडिलांना ३८ व्या रांगेत मधली सीट मिळाली आहे. याबद्दल आम्हाला ना ईमेल आली, ना एसएमएस, ना फोन. व्हीलचेअरच्या निमित्ताने मी ते पान उघडले नसते तर ६ एप्रिलला दोन वृद्ध माणसे दिल्ली विमानतळावर अडकली असती, हा विचार कालपासून मनातून जात नाही.

पानावर ‘बदल मान्य करा’ असे एक बटण दिसते आहे, ते मी अद्याप दाबलेले नाही. संकेतस्थळवाले कंपनीशी बोला म्हणतात आणि कंपनी संकेतस्थळाशी बोला म्हणते. अशा वेळी नेमके काय करावे आणि आपला हक्क किती, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


ऊनपाऊस
१ फेब्रुवारी, रात्री १०.०५

ते बटण दाबू नका, एवढे आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने ‘मान्य’ म्हटले तर निदान तिकीट तरी टिकेल, अशा समजुतीने ते दाबले होते. नंतर तिने पूर्ण परतावा मागितला, तेव्हा कंपनीने नवी वेळ आपण स्वतः स्वीकारली आहे असे दाखवून नेहमीचे रद्दीकरण शुल्क कापून घेतले. बदल कंपनीने केलेला असतो तेव्हा पर्याय निवडण्याची जी मोकळीक प्रवाशाला असते, ती त्या एका संमतीने संपते.


तिकीटखिडकी
२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

मी बावीस वर्षे दादरला एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटे काढण्याचे काम केले आहे. सदाफुली, तुमच्या बाबतीत जे घडले त्याची साखळी मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिकीटविक्री मात्र कित्येक महिने आधीच, अनेकदा अकरा महिने आधी, उघडलेली असते. त्यामुळे तुम्ही ऑक्टोबरमध्ये ६ एप्रिलचे तिकीट घेतलेत तेव्हा त्या दिवसाच्या वेळा कंपनीच्या अंदाजाच्या होत्या, कारण विमानतळांवरच्या वेळांचे वाटप आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी या गोष्टी नंतर पक्क्या होतात. त्यात इतर कारणांची भर पडते. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर दिल्लीहून युरोपकडे जाणारी उड्डाणे लांबली आणि त्यांच्या वेळा नव्याने बसवाव्या लागल्या. वैमानिकांच्या काम-विश्रांतीच्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे किती मोठ्या संख्येने रद्द झाली, ते आपण सर्वांनी पाहिलेच. धावपट्टीच्या दुरुस्तीचाही परिणाम होतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यासाठी चौदा दिवस पूर्ण बंद होता.

वेळापत्रक बदलले की कंपनीचा संगणक त्या उड्डाणावरची सगळी आरक्षणे एकदम हलवतो. आमच्या पडद्यावर जुन्या उड्डाणापुढे ‘यूएन’ आणि नव्या वेळेच्या उड्डाणापुढे ‘टीके’ अशी अक्षरे यायची आणि ते आरक्षण आमच्या एजन्सीच्या ‘क्यू’मध्ये येऊन पडायचे. पुढचे काम माणसाचे असते. रोज सकाळी ती रांग उपसायची, प्रवाशाला फोन करायचा, त्याला नवी वेळ चालते का हे विचारायचे, चालत नसेल तर दुसरे उड्डाण शोधायचे आणि मग तिकीट नव्याने जारी करून घ्यायचे. मोठ्या संकेतस्थळांवर हे काम बहुतांशी यंत्रावर सोपवलेले असते आणि यंत्राने पाठवलेली सूचना पोहोचली का, हे कोणी पाहत नाही. पहिला टप्पा हलल्यामुळे दुसऱ्या टप्प्याचे विमान चुकते, ही गोष्ट अशा वेळी कित्येक दिवस तशीच पडून राहते.

आता कंपनीने तुम्हाला थेट का कळवले नाही, याकडे येतो. बहुधा आरक्षणात तुमचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल नाहीच, तिथे त्या संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता आहे. ही जुनी सवय आहे. ती मोडावी म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, आपला ठराव ८३०-डी सुधारला आणि प्रवाशाकडे संपर्काचा तपशील मागून तो आरक्षणात भरणे जून २०१९ पासून एजंटांवर बंधनकारक केले. तरीही कंपनीच्या संकेतस्थळावर आपले आरक्षण उघडून संपर्काच्या रकान्यात काय आहे ते प्रत्येकाने स्वतः पाहावे. तिथे अनोळखी क्रमांक दिसला तर लगेच स्वतःचा घालावा.

तुमच्यासाठी मार्ग असा सुचवतो. आधी त्याच कंपनीचे त्या दिवशी मुंबईहून दिल्लीला पहाटे किंवा सकाळी जाणारे दुसरे कोणते विमान आहे आणि त्यात जागा आहे का, हे स्वतः शोधा. मग कंपनीला फोन करून ‘काहीतरी करा’ असे न म्हणता, ‘तुम्ही केलेल्या बदलामुळे पुढचे विमान मिळत नाही, म्हणून आम्हाला अमुक क्रमांकाच्या उड्डाणावर विनाशुल्क घ्या’ असे नेमके सांगा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असल्यामुळे ही मागणी पूर्णपणे रास्त आहे; टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर असते तर पुढचे विमान चुकण्याची जोखीम तुमच्यावर आली असती. फोन झाल्यावर तिकीट पुन्हा जारी झाले का, हे नक्की विचारा. आरक्षणात नवे उड्डाण आणि तेरा आकडी तिकिटावर जुनेच, अशी विसंगती राहिली तर विमानतळावर बोर्डिंग पास निघत नाही.


कलमदान
२ फेब्रुवारी, दुपारी १.१५

तिकीटखिडकी यांनी यंत्रणा उत्तम समजावली आहे, त्यामुळे मी फक्त नियमांची बाजू मांडतो.

भारतात या विषयावर महासंचालनालयाचे नागरी विमान वाहतूक आवश्यकता, विभाग ३, मालिका एम, भाग ४ हे नियम आहेत. ते मुळात ऑगस्ट २०१० चे असून पुढे त्यांत दुरुस्त्या झाल्या. उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवून प्रवाशाला मान्य होईल असे पर्यायी उड्डाण किंवा परतावा द्यावा, असे त्यात म्हटले आहे. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण चोवीस तासांच्या आधी कळवले, तरीही निवड प्रवाशाचीच राहते. त्याप्रमाणे न कळवल्यास, किंवा एकाच तिकिटावरचे पुढचे विमान त्यामुळे चुकल्यास, एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये आणि त्याहून लांबच्या उड्डाणासाठी १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मिळते. कंपनीच्या हाताबाहेरची असाधारण परिस्थिती असेल तर ही भरपाई लागू होत नाही.

याच नियमांतले एक वाक्य या धाग्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तिकीट काढताना ज्या प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नाही, त्याला भरपाई देय नाही. आपण संकेतस्थळाला सगळे दिले, पण त्याने ते कंपनीच्या आरक्षणात भरलेच नाही, अशा स्थितीत हे वाक्य आपल्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. मला हे अन्यायाचे वाटते. पण आज ते असे आहे, म्हणून संपर्काचा रकाना ही केवळ सोयीची गोष्ट समजू नये.

तुमचा प्रवास दोन महिने दूर आहे, त्यामुळे भरपाईचा मुद्दा सध्या येत नाही. पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा हाच तुमचा आधार आहे. परतावा निवडलात तर पैसे कंपनीच्या खात्यात जमा ठेवून पुढच्या तिकिटासाठी वापरावेत की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे, कंपनीने ते परस्पर करायचे नाही. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही कंपनीवरच आहे, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी समजला जातो. त्यामुळे ‘संकेतस्थळाशी बोला’ हे उत्तर अंतिम मानू नका.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून तक्रारीचा क्रमांक ठेवा, दाद मिळाली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येते, आणि आपण सेवेसाठी भरलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.


मांडवीकाठ
२ फेब्रुवारी, सायंकाळी ६.५०

वेळेइतकाच विमानतळाचा बदलही घात करतो, म्हणून माझा अनुभव लिहितो. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. मोपाहून प्रवासी उड्डाणे ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर काही कंपन्यांनी आपली उड्डाणे दाबोळीहून तिकडे हलवली. माझे घर काणकोणला आहे. मी दाबोळीचे तिकीट काढले होते आणि मला आलेल्या संदेशात उड्डाणाची वेळ वीस मिनिटांनी बदलल्याचे ठळकपणे लिहिले होते. विमानतळाच्या तीन अक्षरी संकेतातले ‘जीओआय’ जाऊन तिथे ‘जीओएक्स’ आले होते, हे मात्र माझ्या नजरेतून सुटले. काणकोण हे राज्याचे दक्षिण टोक आणि मोपा पेडणे तालुक्यात, उत्तर टोकाला. मी दाबोळीला पोहोचलो आणि विमान मोपाहून गेले. पैसे परत मिळाले नाहीत, कारण कंपनीच्या मते मला कळवलेले होते.

मुंबईकरांनीही आता हे लक्षात ठेवावे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. तिकिटावर नुसते ‘मुंबई’ वाचून निघू नये, संकेताची तीन अक्षरे पाहावीत. जुन्या विमानतळाची ‘बीओएम’ आणि नव्याची ‘एनएमआय’ आहेत. जुन्या विमानतळावरही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांच्यात रस्त्याने जावे लागते, आणि वृद्ध माणसांना चुकीच्या दारी उतरवले तर तो अर्धा-पाऊण तास भरून निघत नाही.


राइनकाठ
२ फेब्रुवारी, रात्री ११.२०

मी जर्मनीत अकरा वर्षे राहतो. सदाफुली, तुमच्या आईवडिलांच्या परतीच्या प्रवासाला वेगळा कायदा लागू होईल, म्हणून लिहितो.

युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला तो लागू होतो, मग कंपनी भारतीय का असेना. संघाबाहेरून आत येणाऱ्या उड्डाणाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे तुमची कंपनी भारतीय असेल तर दिल्ली-फ्रँकफुर्टला हे संरक्षण नाही आणि फ्रँकफुर्ट-दिल्लीला आहे. प्रवासाच्या चौदा दिवस आधीपर्यंत रद्द झाल्याचे कळवले नाही तर ३,५०० किलोमीटरहून लांबच्या अशा प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. उड्डाण एक तासापेक्षा जास्त अलीकडे ओढले तर तेही रद्द झाल्यासारखेच समजायचे, असे युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

तुमच्या प्रश्नाशी अगदी जुळणारा एक निकाल मे २०१७ चा आहे. ॲमस्टरडॅमहून सुरीनामला जाणाऱ्या एका प्रवाशाने ऑनलाइन एजंटाकडून तिकीट काढले होते. कंपनीने उड्डाण रद्द झाल्याचे एजंटाला महिनाभर आधी कळवले, पण एजंटाची सूचना प्रवाशापर्यंत पोहोचली ती उड्डाणाला दहा दिवस उरले असताना. आम्ही वेळेत कळवले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. प्रवाशाला वेळेत कळले हे कंपनीने सिद्ध करायचे असते, आणि एजंटाला सांगणे म्हणजे प्रवाशाला सांगणे नव्हे, असा तो निर्णय आहे. आपल्याकडच्या नियमांत असे स्वच्छ वाक्य यावे, असे मला मनापासून वाटते.


खिडकीजवळ
३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

सीटबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. कंपन्यांच्या वाहतुकीच्या अटींत ‘विशिष्ट आसनाची हमी नाही’ असे वाक्य असतेच, त्यामुळे तीच सीट मिळालीच पाहिजे असा हट्ट टिकत नाही. पण ज्या सेवेचे पैसे घेतले ती दिली नाही, तर ते पैसे परत मागण्यात काहीच गैर नाही. सीटच्या शुल्काची पावती तिकिटाहून वेगळी निघते; ती शोधून ठेवा आणि तिचा क्रमांक देऊन परतावा मागा.

अशा वेळी बहुतेकदा विमानाचा प्रकार बदललेला असतो. नव्या विमानाचा आसन-नकाशा वेगळा असतो, जुने क्रमांक त्यात नसतात, आणि संगणक प्रवाशांना उरलेल्या जागांवर बसवत जातो. वयस्कर जोडपे आहे, गुडघे दुखतात, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून उड्डाण बदलून घेताना त्याच फोनवर सीटचाही आग्रह धरा. व्हीलचेअर आणि पथ्याचे जेवण यांची नोंद नव्या उड्डाणावर आपोआप जाईल असे गृहीत धरू नका, ती पुन्हा करून घ्या. आपत्कालीन दाराजवळच्या ऐसपैस सीटचा मोह मात्र नको, कारण तिथे गरज पडल्यास दार उघडू शकणारी धडधाकट व्यक्तीच बसवतात.

ज्यांच्याबरोबर लहान मुले आहेत त्यांच्यासाठी : बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट द्यावी, असे महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले आहे. वरच्या वर्गाचे तिकीट असून खालच्या वर्गात बसवले, तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के.


हडसनपार
३ फेब्रुवारी, रात्री ८.३०

अमेरिकेला येणाऱ्या किंवा इथून जाणाऱ्या उड्डाणांसाठी इथल्या वाहतूक विभागाचा एप्रिल २०२४ चा नियम उपयोगी आहे, आणि तो भारतीय कंपन्यांनाही लागू होतो. आंतरराष्ट्रीय प्रवासाची वेळ सहा तासांहून अधिक सरकली, विमानतळ बदलला, थांबे वाढले किंवा वर्ग खाली आला, आणि प्रवाशाने तो बदल स्वीकारला नाही, तर ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने ते परत मिळतात. पैसे भरून घेतलेली सीट दिली नाही तर तिचे शुल्कही परत करावे लागते. इथेही सगळे अडते ते ‘स्वीकारला’ या शब्दावरच, म्हणून ऊनपाऊस यांनी सांगितलेले फार मोलाचे आहे.


कोकणवळण
४ फेब्रुवारी, सकाळी १०.००

सगळे वाचून एकच वाटते की संकेतस्थळांवरून तिकीट काढूच नये. चार-पाचशे रुपये वाचतात आणि असा बदल झाला की दोन्हीकडून हात वर होतात. मी गेली कित्येक वर्षे थेट कंपनीकडूनच घेतो.


तिकीटखिडकी
४ फेब्रुवारी, दुपारी १२.२५

कोकणवळण, वेगवेगळ्या कंपन्यांचे टप्पे एका तिकिटावर हवे असतील, किंवा घरात कोणाला ऑनलाइन व्यवहार जमत नसेल, तर ओळखीचा, फोन उचलणारा एजंट फार उपयोगी पडतो. मागच्या पावसाळ्यात एका कुटुंबाचे उड्डाण पहाटे तीन वाजता रद्द झाले, तेव्हा त्यांच्या नाशिकच्या एजंटाने त्याच वेळी उठून उरलेल्या पाच जागा पकडून दिल्या. कंपनीचा फोन तेव्हा तासभर लागत नव्हता. पैसे कोणाकडे भरतो यापेक्षा रांगेत पडलेले आरक्षण कोणी उघडणार आहे का, हे पाहिले पाहिजे.


सदाफुली
९ फेब्रुवारी, रात्री ९.१५

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगते.

संपर्काच्या रकान्यात खरोखरच संकेतस्थळाचाच क्रमांक आणि ईमेल होती. तिथे आधी माझा आणि वडिलांचा मोबाइल घातला. मग त्याच कंपनीचे मुंबईहून सकाळी ७ वाजता निघणारे विमान शोधून फोन केला. पहिल्या दोन वेळा ‘एजंटाकडून करून घ्या’ हेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी मी उड्डाणाचा क्रमांक सांगितला, बदल कंपनीने केला आहे आणि आम्ही तो स्वीकारलेला नाही हे स्पष्ट केले, आणि परताव्याची जबाबदारी कंपनीची असल्याचे कलमदान यांचे वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवले. बोलणाऱ्या बाईंनी वरिष्ठांना विचारून पंचवीस मिनिटांत दोघांना त्या विमानावर घेतले. पैसे लागले नाहीत. तिकीट पुन्हा जारी झाल्याची ईमेल या वेळी माझ्याकडे आली आणि तेरा आकडी क्रमांकासमोर नवे उड्डाण दिसते आहे.

सीट मात्र मनासारख्या मिळाल्या नाहीत. दोघे २७ व्या रांगेत शेजारी आहेत आणि वडिलांना आइल मिळाली आहे, पण पुढच्या भागातल्या जागा गेल्याच. फरकाच्या पैशांसाठी पावतीचा क्रमांक देऊन तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केली आहे. पंधरा दिवस वाट पाहून एअरसेवावर नोंदवीन. व्हीलचेअरची नोंद दोन्ही टप्प्यांवर आणि परतीच्या प्रवासावरही करून घेतली.

वडिलांनी ही सगळी चर्चा वाचून काढली आहे. आरक्षण कसे उघडायचे ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतले आणि प्रत्येक टप्प्याची वेळ, विमानतळाची तीन अक्षरे आणि सीटचा क्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवला. आता ते रोज सकाळी चहानंतर ते पान उघडून वहीशी ताडून पाहतात. आजच त्यांचा फोन आला होता की परतीचे फ्रँकफुर्टचे विमान पंचवीस मिनिटे उशिराचे झाले आहे, दिल्लीला पुढच्या विमानासाठी अजून तीन तास उरतात, आणि त्यांनी अद्याप काहीही मान्य केलेले नाही.